पाना कुणाच्या हाती

२५ ऑक्टोबर २०२० रोजी ‘जिरो द इतालिया’ ही तीन आठवडे चालणारी सायकल शर्यत मिलान शहरात संपली. शेवटच्या दिवशी सकाळी पहिल्या दोन खेळाडूंची एकूण वेळ सेकंदाला सेकंद सारखी होती. एवढ्या लांबीच्या मोठ्या शर्यतींत असं तोवर कधी घडलं नव्हतं. उरले होते फक्त १५.७ किलोमीटर, तेही एकेकट्याने घड्याळाशी झुंजत काढायचे. ३९ सेकंदांनी जिंकला टेओ गेगन हार्ट, लंडनच्या हॅकनी भागात वाढलेला पंचवीस वर्षांचा तरुण. हॅकनी म्हणजे दाट वस्तीचा, नाना देशांतून आलेल्या लोकांचा भाग. सायकलपटू घडायला डोंगर आणि घाट लागतात असं मानलं जातं, ते तिथे नावालाही नाहीत. मुलांचा एक क्लब मात्र आहे, ‘सायकलिंग क्लब हॅकनी’, आणि टेओ त्याचा सभासद होता.

असा एखादा विजेता निघाला की क्लबाचं नाव पेपरात येतं आणि लोकांचा समज होतो की क्लब असतात ते विजेते घडवायला. प्रत्यक्षात अशा क्लबात येणारी बहुतेक मुलं आयुष्यात एकही मोठी शर्यत जिंकत नाहीत. बरीचशी शर्यतीत उतरतही नाहीत. तरी आठवड्यातून एकदा, पावसातही, ती येतात. ती का येतात आणि कशामुळे यायची थांबतात, हे मला त्या ३९ सेकंदांपेक्षा जास्त रंजक वाटतं.

तरुण आणि सायकल क्लब ही जोडी जुनी आहे. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागचं चाक चेनने फिरणारं, म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो तीच. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेचा टायर केला. त्याआधीची उंच चाकाची सायकल हे धाडसी आणि पैसेवाल्या पुरुषांचं काम होतं. पडलं तर डोक्यावरच. पुढच्या काही वर्षांत किमती उतरल्या, जुन्या सायकली या हातातून त्या हातात फिरू लागल्या, आणि आठवडाभर कारखान्यात किंवा कचेरीत राबणारा विशीतला पोरगा रविवारी शहराबाहेर पडू लागला.

१८९४ मध्ये बर्मिंगहॅममधल्या अशाच मूठभर तरुणांनी क्लब काढला. रॉबर्ट ब्लॅचफोर्डच्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाचे ते वाचक, म्हणून क्लबाचं नावही क्लॅरियन. सायकलवरून अंक न्यायचे, वाटेतल्या गावांत वाटायचे, जमलं तर चौकात सभा घ्यायची, चहा प्यायचा आणि अंधार पडायच्या आत परतायचं. बघता बघता इंग्लंडभर शाखा झाल्या. मँचेस्टरच्या शाखेत ख्रिस्ताबेल आणि सिल्व्हिया पँकहर्स्ट या बहिणी होत्या. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात ही दोन्ही नावं ब्रिटनभर गाजली. लँकशायरमध्ये रफ्ली गावाजवळ १९१२ साली बांधलेलं क्लॅरियन हाउस अजून उभं आहे आणि रविवारी येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देतं.

त्या क्लबात पोरांसाठी कुणी काही ‘राबवत’ नव्हतं. क्लब पोरंच चालवत होती. सचिव कोण, वर्गणी किती, पुढच्या रविवारी कुठे जायचं, ज्याची सायकल बिघडली त्याला वाटेत सोडायचं की थांबायचं, हे सगळं तीच ठरवत. युवकांसाठी आज ज्या योजना निघतात त्यांत सायकल असते, टी-शर्ट असतो, उद्घाटन असतं, प्रमाणपत्र असतं. ठरवण्याचा हक्क तेवढा आयोजकांकडेच राहतो.

लंडनच्या क्लबांपुढचा पहिला प्रश्न मात्र याहून साधा होता: जागा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला वेगाने सायकल चालवायला शिकवायचं तर मोटारी नसलेला रस्ता हवा. पूर्व लंडनमध्ये ईस्टवे नावाचा एक मैलाचा असा बंद रस्ता होता. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी जमीन हवी म्हणून २००६ मध्ये तो गेला. पर्यायी जागा हॉग हिल इथे २००८ मध्ये मिळाली, आणि जुन्या जागी उभं राहिलेलं सायकलिंग केंद्र सर्वांसाठी खुलं झालं ते २०१४ मध्ये. जगभरच्या खेळाडूंसाठी मैदानं बांधताना त्याच वस्तीतल्या मुलांचं मैदान आधी काढून घ्यावं लागलं, ही त्या ऑलिम्पिकची एक गंमत. जुनी जागा परत मिळायला आठ वर्षं गेली, म्हणजे एका मुलाचं सगळं किशोरवय.

दक्षिण लंडनच्या हर्न हिलचा ट्रॅक त्याहून जुना, १८९१ चा. १९४८ च्या ऑलिम्पिकमधल्या ट्रॅक शर्यती इथेच झाल्या. साधारण साडेचारशे मीटरचा उघडा ट्रॅक, वळणावरचा उतार बेताचा. आजचे बंदिस्त ट्रॅक २५० मीटरचे असतात आणि लंडनच्या नव्या ट्रॅकची वळणं ४२ अंशांपर्यंत चढतात. नवखा माणूस ती भिंत पाहूनच दचकतो. हर्न हिलवर नवखं पोर पहिल्याच सकाळी फिरू शकतं. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि पायडल चाकाला पक्कं जोडलेलं असतं: चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. थांबायचं तर पायांनीच हळूहळू वेग मारायचा. पाय एकदम आवरले की सायकल अंगातून झटका देते. हा धडा तोंडी सांगावा लागत नाही.

बारा वर्षांचा ब्रॅडली विगिन्स याच ट्रॅकवर आला होता. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ख्रिस बोर्डमनला सुवर्ण जिंकताना टीव्हीवर पाहिलं आणि पोराने हट्ट धरला. वीस वर्षांनी, २०१२ मध्ये, टूर द फ्रान्स जिंकणारा तो पहिला ब्रिटिश ठरला. मधल्या काळात, २००५ मध्ये, भाडेपट्ट्याच्या वादात हा ट्रॅक काही महिने बंद पडला होता. तो वाचवण्यासाठी क्लबातले लोक आणि आजूबाजूचे रहिवासी यांनी मोहीम उघडली, न्यास स्थापन केला. २०११ मध्ये ट्रॅकचा पृष्ठभाग नवा झाला, २०१७ मध्ये नवी इमारत झाली.

हर्न हिलची आणखी एक कहाणी आहे, तेवढी गोड नसलेली. मॉरिस बर्टन हा जमैकन वडिलांचा दक्षिण लंडनचा मुलगा. १९७४ मध्ये लीस्टरला तो राष्ट्रीय विजेता झाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश सायकलपटू, आणि जिंकल्यावर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढची कारकीर्द त्याने बेल्जियममध्ये काढली. ती एका अपघाताने संपल्यावर १९८७ मध्ये त्याने स्ट्रेटहॅम भागात ‘डी व्हेर सायकल्स’ हे दुकान घेतलं आणि त्याच नावाचा क्लबही चालवला. क्लबाचं दार उघडं आहे एवढं म्हणून भागत नाही. आत शिरणाऱ्या मुलाला आपल्यासारखं दिसणारं, आपल्या गल्लीतलं कुणी शिट्टी हातात घेऊन उभं दिसलं, तर पुढच्या आठवड्यात तो दोन मित्रांना घेऊन येतो.

आता क्लबाच्या राइडमध्ये नेमकं काय होतं ते बघू. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्ची पडते. पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ राहिलं तर ही मेहनत पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त वाचते. म्हणून ज्याच्या पायात दम तो पुढे राहतो, दमला की बाजूला होऊन मागे सरकतो आणि दुसरा पुढे येतो. मागच्याला रस्ता दिसत नाही. खड्डा दाखवायचं काम पुढच्याचं: हात खाली करून बोट दाखवायचं, ओरडायचं, आणि तोच इशारा प्रत्येकाने मागे पोचवायचा. सगळ्यांत शेवटी एक अनुभवी सायकलस्वार. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा इथे रांगेच्या तोंडाशी असतो आणि मागच्या आठ जणांचे दात त्याच्या एका बोटावर अवलंबून असतात. त्याला हे पुरतं माहीत असतं, आणि तो खुशीत असतो.

तिथवर पोचायला अर्थात पायऱ्या आहेत. ब्रिटनमधल्या ‘बाइकेबिलिटी’ या प्रशिक्षणाचे तीन टप्पे असतात: आधी बंद मैदान, मग कमी वाहतुकीचा रस्ता, शेवटी गजबजलेला रस्ता. मैदानातला एक खेळ आपल्याकडच्या शाळांच्या गॅदरिंगमध्येही असायचा, स्लो सायकलिंग. शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला तो बाद. आपण त्याकडे करमणूक म्हणून पाहिलं. पण तोल, ब्रेकवरचा हलका हात आणि नजर चाकावर न ठेवता पुढे ठेवण्याची सवय हे तिन्ही त्यात येतं, तेही फुकटात आणि हसतखेळत.

क्लबाचा खरा गाभा मात्र मला रस्त्यावर दिसत नाही, वर्कशॉपमध्ये दिसतो. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराशी जोडलेली ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ ही संस्था १९८४ ची. त्या काळी अमेरिकेचं सरकार निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना शस्त्रं पुरवत होतं. त्याच्या निषेधार्थ हे लोक जुन्या सायकली गोळा करून तिथे पाठवायचे. १९९० मध्ये त्यांनी शहरातल्या मुलांसाठी ‘अर्न-अ-बाइक’ हा उपक्रम सुरू केला. इथे सायकल फुकट मिळत नाही आणि विकतही घ्यावी लागत नाही. मुलगा किंवा मुलगी जुन्या सायकलींतून एक निवडते, काही आठवडे येऊन ती दुरुस्त करायला शिकते, आणि शेवटी तीच सायकल घरी नेते.

त्यातला अवघड धडा चाकाचा आउट काढण्याचा. चाक स्टँडला लावून फिरवलं की एका जागी रिम डावीकडे झुकून ब्रेकच्या रबराला घासते. नवशिक्याच्या मनात पहिल्यांदा येते ती हातोडी. पण रिमला जागेवर धरून ठेवतात ते स्पोक. निम्मे चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या डाव्या कडेतून आलेले, निम्मे उजव्या. रिम डावीकडे गेली असेल तर त्या जागेचा उजवा स्पोक कसायचा आणि शेजारचा डावा थोडा सैल सोडायचा. किती? स्पोकच्या टोकाच्या नटाचा, म्हणजे निपलचा, पाव फेरा. मग चाक पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा पाव फेरा. घाईने दोन पूर्ण फेरे दिले की आउट उलट्या बाजूला जातो, चाक गोलही राहत नाही आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एखाद्या मुलीची अख्खी संध्याकाळ त्यात जाते. शिकवणाऱ्याने पाना हातात घेतला तर पाच मिनिटांचं काम, पण मग ती सायकल त्याने दुरुस्त केलेली होते. त्याला हात मागे बांधून उभं राहावं लागतं, आणि मोठ्यांना हे आउट काढण्यापेक्षा जड जातं.

पुढे यातली काही मुलं शिकाऊ म्हणून राहतात, नव्यांना शिकवतात आणि त्या कामाचे त्यांना पैसे मिळतात. सोळाव्या वर्षी आपल्याला येणाऱ्या गोष्टीचा मोबदला मिळणं ही साधी बाब नाही.

इथे एक गोष्ट बोलून टाकायला हवी. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात दहा-बारा वर्षांची पोरं नेमकं हेच करत आली आहेत. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, काचपेपर मारायचा, सोल्यूशन लावायचं, ते वाळेपर्यंत थांबायचं, पॅच ठोकायचा. त्याला आपण कधी सक्षमीकरण म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं, कारण ते पोर शाळेच्या वेळेत तिथे होतं आणि गल्ला मालकाचा होता. बॉस्टनच्या मुलाच्या हातात तोच पाना, तोच पॅच असतो. पण त्याची शाळा सुटलेली नसते, सायकल त्याची होते आणि तिथे येणं न येणं त्याच्या मर्जीवर असतं.

अमेरिकेतच सिएटल शहरात २००९ पासून ‘मेजर टेलर प्रोजेक्ट’ चालतो, १८९९ साली जागतिक विजेता झालेल्या मार्शल ‘मेजर’ टेलर या कृष्णवर्णीय सायकलपटूच्या नावाने. शाळा सुटल्यावरचे क्लब, आणि इच्छा असेल त्या मुलांसाठी मोठं लक्ष्य: सिएटल ते पोर्टलंड, सव्वातीनशेहून जास्त किलोमीटर. सरावाशिवाय ते झेपत नाही, म्हणून सरावाला दांडी मारायची नाही हे कुणाला सांगावं लागत नाही.

हे क्लब मोडतात कशाने? बहुधा एकाच माणसावर उभे असतात म्हणून. त्याची बदली झाली, गुडघा गेला, की संपलं. दुसरं कारण पैशाचं: निधी दोन-तीन वर्षांचा असतो आणि मुलाला क्लबाची सवय लागायलाच वर्ष जातं. तिसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही, मुलांच्या सुरक्षिततेची. मुलं आणि मोठी माणसं एकत्र, शहराबाहेर, तासन्‌तास. म्हणून मोठ्यांची पडताळणी, एकट्या मुलासोबत एकट्या मोठ्याने कधीच न जाणं आणि तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना ठाऊक असणं, या गोष्टी हेल्मेटइतक्याच सक्तीच्या हव्यात. ‘आपलाच माणूस आहे’ या भरवशावर क्लब चालवू नये. आणि मुली. वयात आल्या की त्या गळू लागतात, लंडनमध्येही. ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ने म्हणूनच मुलींसाठी वेगळा गट काढला.

मुलींच्या बाबतीत जगाने भारताकडून शिकावं असं एक उदाहरण आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरता मोहीम जोरात होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा त्या मोहिमेचाच भाग केला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका, गावच्या नर्सबाई, शिक्षिका अशा सगळ्या शिकायला आल्या, आणि ज्या शिकल्या त्या पुढच्यांना शिकवू लागल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन लिहिलं, की लाखावर बायका सायकल शिकल्या आणि सत्तर हजारांहून जास्त जणींनी जाहीर कार्यक्रमांत सर्वांसमोर ती चालवून दाखवली. लेडीज सायकली बाजारात मिळेनाशा झाल्या तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. टवाळी झालीच. पण एकट्या बाईची टवाळी करणं वेगळं आणि रस्ताभर पसरलेल्या पन्नासजणींची करणं वेगळं.

हे घोळक्याचं बळ आकड्यांतही उतरलं आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून परिणाम मोजला: योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. फरक पडला तो मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या गावांत. अंतर कमी झालं हे एक कारण. दुसरं, या अभ्यासकांच्याच म्हणण्यानुसार, मुली एकत्र जाऊ लागल्याने सुरक्षितता वाढली आणि मुलीने एकटीने बाहेर पडू नये हा दंडक सैल झाला. झांबियात नंतर झालेल्या अशाच एका प्रयोगात सायकल मिळालेल्या मुलींचा शाळेला जायचा वेळ ३५ टक्क्यांनी आणि गैरहजेरी २७ टक्क्यांनी कमी झाली. बिहारमध्ये क्लब कुणी काढला नव्हता. एकाच रस्त्याने, एकाच वेळी निघणाऱ्या मुलींचा तो आपोआप तयार झाला.

आपल्या महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल देण्याचा टप्पा इथे पार पडलेला आहे. पण खडीच्या रस्त्यावर वर्षभर पळालेल्या सायकलीची चेन सैल पडते, ब्रेकचं रबर झिजतं, टायर गुळगुळीत होतो. दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या गावी, तिथवर ती ढकलत नेणार कोण? मग ती गोठ्यात जाते किंवा भावाकडे.

अशा शाळेत क्लब काढायला फार लागत नाही. एक रिकामी खोली, पंप, पान्यांचा संच, चाक लावायला स्टँड, पॅच आणि सोल्यूशन. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास. शिकवायला बाजारातला सायकलवाला, ज्याने तीस वर्षांत हजारो चाकांचे आउट काढले आहेत आणि ज्याला कुणी कधी ‘सर’ म्हटलेलं नाही. सोबत शाळेतल्या एक बाई, पूर्ण वेळ. दहावीच्या मुली एकदा हात बसला की आठवीच्या मुलींना शिकवतील. किती पंक्चर, कुणाची चेन, पॅच किती उरले याची वही आणि खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच. बाहेर कुठे जायचं आणि कधी, हेही त्यांनीच ठरवायचं. मोठ्यांनी फक्त रस्ता सुरक्षित आहे का एवढं बघायचं. सायकलवाल्याचं मानधन कुठल्या खात्यातून निघणार, हे तेवढं शाळा व्यवस्थापन समितीने पहिल्याच बैठकीत लेखी ठरवून घ्यावं. तो विषय पुढच्या बैठकीवर गेला की तिसऱ्या शनिवारी सायकलवाला दुकानातच बसतो.